मोडीत चाललेली बक्कलं

इंटर्नशिप सुरू झाल्यापासून एक काम कायमचं माझ्या गळ्यात पडलंय. पोलिसांच्या प्रेस नोट टाइप करायच्या. दुचाकीचोर पकडला, हरवलेले मोबाईल परत दिले, अशा बातम्या. शेवटी पथकातल्या सगळ्यांची नावं येतात आणि काही शिपायांच्या नावापुढे ‘ब. नं.’ लिहून एक आकडा असतो. हे काय, म्हणून डेस्कवरच्या सरांना विचारलं. स्क्रीनवरची नजर न हलवता ते म्हणाले, ‘‘बक्कल नंबर.’’

बक्कल म्हणजे पट्ट्याचं बकल. इंग्रजी शब्द, आपल्या तोंडात घोळून घोळून जाडजूड झालेला. शिपायाचा नंबर त्याच्या पट्ट्यावरच्या पितळी बिल्ल्यावर असायचा, म्हणून तो बक्कल नंबर. पट्टे बदलले, बिल्ले बदलले, कागदावरचा शब्द मात्र हलला नाही.

मग मी या शब्दाच्या मागेच लागले. कॉलेजच्या ऑफिसबाहेर स्टुलावर बसलेल्या काकांसाठी आपल्याकडे तीन जुने शब्द आहेत – शिपाई, पट्टेवाला, चपराशी. शिपाई थेट पलटणीतून आलेला. पट्टेवाला म्हणजे ज्याच्या अंगावर पट्टा आहे तो. आणि चपराशी? ‘चपरास’ म्हणजे पट्ट्यावर बसवलेली पितळी तबकडी, ती लावणारा तो चपराशी. ‘चप’ आणि ‘रास्त’, फारसीत डावं आणि उजवं, यावरून तो शब्द आला असं मानतात. पट्ट्याची डावी-उजवी टोकं जिथे भेटतात, ती जागा! १८८६ साली छापलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तर नोंदच आहे की बंगालकडे ज्याला चपराशी म्हणतात, त्याला मुंबई इलाख्यात पट्टेवाला म्हणतात. हे सगळे शब्द आपण रोज वापरतो. ज्या वस्तूवरून ते आले, ती मात्र आपल्यापैकी किती जणांनी हातात घेतलीय?

हा लेख त्या वस्तूबद्दल आहे. एकोणिसाव्या शतकातली लष्करी बक्कलं. जगात अशी माणसं आहेत जी फक्त हीच जमवतात. नाणी नाही, तिकिटं नाही, नुसती सैनिकांच्या कमरेवरची बक्कलं. आधी मलाही हा छंद जरा ‘अति’ वाटला होता. पण यातली गंमत एकदा कळली की सुटत नाही.

ज्यांनी कॉलेजात एनसीसी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. परेडच्या आदल्या रात्री ब्रासो, जुना मोजा आणि ते पितळी बक्कल. तोंड दिसेपर्यंत घासायचं, नाहीतर ग्राउंडला फेऱ्या. ही शिस्त आजची नाही. मात्र दोनशे वर्षांपूर्वीच्या शिपायाचं पितळ कमरेवर नाही, छातीवर असायचं. त्याच्या अंगावर दोन तिरके पट्टे असत, एक संगिनीचा, दुसरा काडतुसांच्या पेटीचा. ते छातीवर जिथे एकमेकांना छेदायचे, तिथे एक तबकडी बसवलेली. चौकोनी किंवा लंबगोल, त्यावर पलटणीचा नंबर. ब्रिटिश सैन्यात १८५५ च्या सुमारास छातीवरचे हे पट्टे गेले आणि पितळ खाली कमरेवर उतरलं. तिथे त्याची दोन रूपं दिसतात. एक दोन तुकड्यांचं, मधली गोल चकती बाहेरच्या कड्यात अडकणारी, चकतीवर मुकुट आणि सिंह, कड्यावर राजघराण्याचं फ्रेंच ब्रीदवाक्य. स्काउटचा पट्टा घातला असेल तर ही अडकवण्याची पद्धत हाताला आपोआप आठवेल. दुसरं रूप माझं फेव्हरेट आहे. इंग्रजी ‘एस’सारखा वळलेला साप! दोन बाजूंना दोन कड्या आणि मध्ये डोकं-शेपटीसकट पितळी साप, तोच आकडा. हा साप इंग्लंडातून निघून अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैनिकांच्या कमरेपर्यंत पोचला होता.

मग १९०८ साली ब्रिटिश सैन्यात सुती विणीचे वेबिंग पट्टे आले. त्याआधीच रणांगणावर खाकी आली होती. लांब पल्ल्याच्या बंदुका असताना पोटावर चमकणारं पितळ घेऊन फिरणं म्हणजे शत्रूला निशाणी दाखवणं. म्हणून जमवणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकाचं इतकं वेड. त्यानंतरची लढाईतली बक्कलं कामापुरती, साधी आहेत.

आता खरी मजा. बक्कल वाचता येतं.

समजा, तुमच्या हातात मुंबई इलाख्याच्या सैन्याचं एक पितळ आलं. आधी मुकुट बघा. कमानी मधोमध दबलेल्या असतील तर तो व्हिक्टोरिया राणीच्या काळाचा, म्हणजे जानेवारी १९०१ च्या आधीचा. कमानी घुमटासारख्या गोल असतील तर त्यानंतरच्या राजांचा. मुकुटाऐवजी दोन पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह असेल तर आणखी मागे जा. तो ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह, आणि कंपनीचं राज्य १८५८ ला संपलं. राजकारण सगळं दोन बोटांच्या जागेत!

मग नंबर बघा. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची सगळ्यात जुनी बटालियन १७६८ ची, ‘जंगी पलटण’. दुसरी १७६९ ची, ‘काली पांचवी’. हे नाव ऐकून मला पहिला प्रश्न पडला, दुसरी बटालियन आहे तर नाव ‘पांचवी’ का? कारण एकोणिसाव्या शतकात ती मुंबई सैन्याची ५ नंबरची पलटण होती. १८९५ मध्ये मुंबई, मद्रास, बंगाल ही वेगवेगळी सैन्यं एकत्र केली. तिन्हीकडे ५ नंबरची पलटण होतीच, गोंधळ तर होणारच. १९०३ मध्ये किचनेरनं नवे नंबर दिले. मुंबईच्या पलटणींचा हिशोब एकदम सोपा होता, जुन्या नंबरात शंभर मिळवा. ३ ची झाली १०३, ५ ची झाली १०५, १० ची ११०. १९२२ मध्ये पुन्हा बदल झाला आणि या सगळ्या ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या. सरकारी नंबर तीनदा बदलला, पण जवानांनी आपला पाच सोडला नाही. तेव्हा पितळावर नुसता ५ असेल तर तो १९०३ च्या आधीचा, १०५ असेल तर नंतरचा. कागद नसताना एवढी तारीख सांगणारी वस्तू दुसरी कोणती आहे सांगा.

वाईट एवढंच की आकडा पलटणीचा असतो. ते घालणारा माणूस कोण, हे पितळावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते फक्त घरातल्यांना माहीत असतं, तेही सांगणारं माणूस जिवंत असेपर्यंत.

म्हणून मी आठवडा बाजाराच्या दिवशी, कांद्याच्या ट्रॉल्यांतून वाट काढत, आमच्या लोणंदच्या बाजारपेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात गेले. का? कारण आपल्या भागात जुन्या पितळाचा शेवटचा स्टॉप तोच. घरातली घागर चेपली, बंब गळायला लागला, की तो मोडीत द्यायचा. वजन होतं, मोडीचे पैसे वजा होतात आणि आपण स्टीलचे डबे नाहीतर कुकर घेऊन घरी येतो. मोडीचा ढीग दुकानाच्या मागच्या अंगाला होता. समईचे सुटे भाग, पूजेची ताम्हनं, घुंगरं, एक दांडी तुटलेला बंब. बक्कल नव्हतं. दुकानदार काकांना मोबाईलवर फोटो दाखवला तर त्यांनी अंगठा आणि तर्जनीत माप धरून दाखवलं. असलं पूर्वी यायचं, म्हणाले, पेन्शनरांच्या घरातनं. वडील असताना जास्त. मग काय करायचात? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की प्रश्नच चुकीचा होता. ‘‘अगं ताई, पितळ ते पितळ. काट्यावर टाकायचं.’’

यात त्यांचा काही दोष नाही. काट्याला सिंह आणि मुकुट कळत नाही. पण हा सातारा जिल्हा आहे. इथल्या गावागावांत पलटणीचं पेन्शन आलेलं आहे. अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ लागलेलं आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. आणि ही भरती पहिल्या महायुद्धाच्या बरीच आधीची. म्हणजे माजघरातल्या ट्रंकेत, देवघरामागच्या कोनाड्यात, खुंटीवरच्या पिशवीत कुठेतरी ते पितळ असणार. नाहीतर होतं म्हणायचं.

आणि हा वारसा एकाच समाजाचा नाही, हेही सांगायला हवं. मुंबई सैन्यात मराठ्यांबरोबर महार, मुसलमान, ज्यू, किती तरी जण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आजोबा मालोजी कंपनीच्या सैन्यात होते, वडील रामजी सकपाळ सुभेदार. निवृत्तीनंतर हे कुटुंब साताऱ्याला राहायला आलं. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये भीमरावांचं नाव लागलं, तोच दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. ज्या समाजाला गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्या समाजातल्या माणसाच्या अंगावर सरकारी पट्टा आणि त्यावर चमकणारा नंबर होता, याचा अर्थ त्या काळात काय होत असेल याचा जरा विचार करा. म्हणूनच १८९० च्या दशकात इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ अशी वर्गवारी करून महारांची भरती बंद केली, तेव्हा ती फक्त नोकरी गेली नव्हती. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये सरकारला द्यायचा अर्ज तयार केला, तो याच भरतीसाठी. त्या घरांत एखादं बक्कल जपून ठेवलेलं असेल तर त्याची किंमत कुठल्याही लिलावात लावता येणार नाही.

लिलावाचा विषय निघालाच आहे, तर बोलू. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि आता ऑनलाइन, सगळीकडे ‘ब्रिटिशकालीन’ पितळी बिल्ले मिळतात. संस्थानांचे, रेल्वेचे, कलेक्टर कचेरीचे, पलटणींचे. दिसायला भारी, भिंतीवर लावायला मस्त. आणि त्यातले पुष्कळसे अलीकडेच ओतलेले. ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेत यादवी युद्धाची, १८६१ ते ६५ मधली बक्कलं जमवणारे ढिगानं आहेत. तिथे उत्तरेच्या सैनिकांचं लंबगोल ‘यूएस’ बक्कल पातळ पितळी पत्र्याचं आणि मागून शिसं भरलेलं असायचं. दक्षिणेची ‘सीएस’ बक्कलं मुळातच कमी, म्हणून नकली जास्त. त्याहून भन्नाट किस्सा १९६०-७० च्या दशकातला. वेल्स फार्गो कंपनीचं नाव आणि टिफनीचा शिक्का असलेली जाडजूड ‘जुनी’ बक्कलं बाजारात आली. खोटी होती. लोकांना शंका येऊ नये म्हणून ती खरी ठरवणारं एक पुस्तकही छापलं गेलं, तेही आधीच्या सालाचं आहे असं दाखवून! फेक न्यूज, पण पितळात.

तर ओळखायचं कसं? उलटं करा. समोरची बाजू सगळेच सजवतात, खोटेपणा पाठीवर सापडतो. जुना पत्र्याचा बिल्ला ठशानं दाबून काढलेला असतो, त्यामुळे पुढे जो उठाव आहे त्याचा खळगा मागे दिसतो, आणि आकडे हातानं डाग देऊन जोडलेले असतात. खऱ्या ओतीव तबकड्याही असतात, पण त्यांच्या अक्षरांच्या कडा धारदार असतात. मूळ वस्तूवरून साचा काढून केलेल्या नकलेत अक्षरं साबण वापरल्यासारखी गोल होतात आणि अंगावर बारीक खड्डे राहतात. झीज बघा. वर्षानुवर्षं अंगावर बाळगलेलं पितळ उंच जागी झिजतं, मुकुटाचं टोक, सिंहाचं नाक, चामडं घासतं ती कड. खोलगट भागात काळं-हिरवं साठतं. अ‍ॅसिडमध्ये बुडवून म्हातारं केलेलं पितळ सगळीकडून सारखंच म्हातारं असतं. मागे चार खाचांचा, फुलीसारखा स्क्रू दिसला तर हसून परत ठेवा. तो स्क्रूच मुळी १९३० च्या दशकातला आहे. आणि मजकूर वाचा हो. ‘महाराष्ट्र’ नावाचं राज्य १९६० चं. ‘महाराष्ट्र पोलीस, १८५७’ असा बिल्ला कुणी दाखवला तर तो कधीचा, ते मी सांगायला नको. तसंच, पलटणींच्या सरकारी नावात ‘मराठा’ हा शब्द १९०३ च्या फेररचनेत आला. त्याआधी नंबर आणि ‘बॉम्बे’.

अजून एक फसगत, यात मात्र कुणाचा वाईट हेतू नसतो. प्रत्येक जुनं पितळी बक्कल लष्करी नसतं. टांग्याच्या घोड्याचा साज, बैलाच्या घुंगरमाळेचा पट्टा, मुनीमजींची चामडी पिशवी, सगळ्यांना बक्कल लागायचं. आमच्या भागात तर शिपायांपेक्षा बैल नक्कीच जास्त होते. नुसती चौकट आणि मधे काटा, त्यावर नंबर नाही, चिन्ह नाही, तर ते बहुधा बैलाचंच. पण बैलाचंही सुंदर असतं, मी तर ठेवीन.

कायदा थोडक्यात सांगते, कारण रील बघून मेटल डिटेक्टर मागवणारी मंडळी आपल्या वर्गातही आहेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरते. तिचा खरेदी-विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर पाठवण्याची मुभा खासगी माणसाला नाही. तेव्हा पणजोबांचं बक्कल परदेशातल्या कुणाला ऑनलाइन विकायचा विचार असेल तर थांबा. जमिनीत सापडलेल्या वस्तूंसाठी १८७८ चा कायदा अजून आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. हो, दहाच रुपये. रक्कम तेव्हाची आहे. आणि गडावर जाऊन उकरायचं तर मुळीच नाही.

मला विचाराल तर विकत घेण्यात तशीही फार मजा नाही. पैसे दिले, पितळ मिळालं, गोष्ट नाही मिळाली. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात कधी गेलात का? शाळेच्या सहलीत नाही, निवांत? दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करायचे. त्यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, असल्या रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रह उभा केला. सुमारे वीस हजार वस्तू. पुढे सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. यातल्या कितीतरी वस्तू आज ना उद्या मोडीतच गेल्या असत्या. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. ते ठीकच. पण घरातल्या ट्रंकेतलं बक्कल बघायला लंडनची परवानगी लागत नाही.

सापडलंच तर सगळ्यात आधी काय करायचं? काहीच नाही. पितांबरी नको, चिंच नको, ब्रासो तर अजिबात नको. आपल्या आज्यांचा दिवाळीतला उत्साह इथे आवरायचा. तो काळपट थरच वस्तूचं वय सांगतो आणि जोरात घासलं की उथळ नंबर कायमचा पुसतो. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ काढा. पुढून, मागून, बाजूला पट्टी ठेवून फोटो घ्या. मग आजोबांना नाहीतर आजीला शेजारी बसवून मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा. कुणाचं, कुठल्या पलटणीतलं, कुठे लढायला गेले होते, पेन्शन कुठे आणायला जायचे, ते परत आले का. जे आठवेल ते. त्याची चिठ्ठी करून, बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून, बक्कलाबरोबर ठेवा. पलटणीबद्दल ताडून बघायचं तर मराठा लाइट इन्फंट्रीचं स्वतःचं संग्रहालय बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये आहे.

मागच्या आठवड्यात पुन्हा त्या दुकानात गेले होते. पितळावर आकडा, मुकुट, सिंह, काहीही दिसलं तर भट्टीकडे पाठवायच्या आधी मला एक फोन करा, असं काकांना सांगून ठेवलं होतं. मोडीचे पैसे मी देईन, आणि ज्यांच्या घरचं आहे त्यांना आधी विचारू. काकांनी गल्ल्याशेजारी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवलाय. आतापर्यंत त्यात एक कुलूप, दोन घुंगरं आणि बैलाच्या पट्ट्याचं एक बक्कल जमा झालंय.